अंबाडी की गांजा

मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर आहे. पदाचं नाव भारी वाटतं. काम म्हणजे काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकांवरची धूळ पुसणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी जास्वंदीची फुलं नि कांदे टेबलांवर मांडणं आणि मुलं गेली की सगळं आवरणं. आमचं गाव राजुऱ्याच्या पुढे, तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. उन्हाळ्यात इथे सकाळी नऊलाच रस्ता रिकामा होतो. कॉलेजला सुट्ट्या लागतात, पण आम्हा चतुर्थ श्रेणीवाल्यांना नसतात. त्यामुळे त्या मे महिन्यात विभागात मी एकटीच होते.

एका सकाळी ठाण्यातले हवालदार मोटारसायकलवर एक पत्र्याचा ट्रे घेऊन आले. तो कूलरच्या तळाचा ट्रे होता, कापून उथळ केलेला. त्यात काळी माती आणि मातीत इवलीइवली रोपं. प्रत्येकाला दोन-दोन पानं, बोटाच्या पेराएवढी उंची.

"सर कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, योगायोगानं त्या दिवशी आले होते. दुसऱ्याच दिवशी ते पेपर तपासायला गडचिरोलीला जाणार होते आणि तिथून पुढे मुलीकडे. हवालदारांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. गावातल्या एका माणसाच्या खोलीत ही रोपं सापडली होती. तो पंपाच्या मोटारी आणि कूलर दुरुस्त करायचा, वाइंडिंगवाला म्हणून सगळे त्याला ओळखायचे. कोणीतरी ठाण्यात खबर दिली, की हा खोलीत गांजा लावतो. पोलिसांनी जाऊन पाहिलं तर पत्र्याची मोठी पेटी, आतून चकाकता कागद, वर दोन ट्यूबलाइटी, एका बाजूला छोटा पंखा, खाली हा ट्रे.

"तो म्हंते अंबाडी होय," हवालदार म्हणाले. "आता तुम्हीच सांगा सर, भाजीले पंखा कोन लावते?"

कृषी कार्यालयात त्यांनी आधी दाखवलं होतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, रोपं फार लहान आहेत, कॉलेजात न्या. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ही बीजपत्रं आहेत, खरी पानं अजून यायची आहेत. मी गांजाचं मोठं झाड पाहिलंय, अंबाडी रोज पाहतो. पण दोघांची एवढी लहान रोपं शेजारी ठेवून कधी पाहिली नाहीत. लेखी द्यायचं तर खात्री पाहिजे. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या."

"मंग इथीच ठेवता काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई आहेत. बाई सांभाळतील."

पोचपावतीवर 'लहान रोपे अकरा' असं लिहिलं होतं. मी मोजली, अकरा होती. सही सरांनी केली. रिपोर्ट येईपर्यंत त्या माणसावर गुन्हा लिहिणार नव्हते, पण गाव सोडायचं नाही आणि रोज ठाण्यात येऊन बसायचं, असं त्याला सांगितलं होतं. जाताना सर मला म्हणाले, "बाई, फक्त जिवंत ठेवा. बाकी मी आल्यावर पाहतो."

माझं माहेर मूलकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. पऱ्हे टाकणं, म्हणजे धानाची रोपं तयार करणं, मी लहानपणापासून केलेलं. रोप म्हटलं की पाणी, एवढं मला पक्कं माहीत होतं. अंबाडी तर आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकून द्यायची आणि विसरून जायची, ती आपोआप डोक्यापर्यंत वाढायची. त्यामुळे अकरा रोपं पंधरा दिवस जगवायची, यात काही कठीण असेल असं मला वाटलंच नाही.

खिडक्यांना उन्हासाठी वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. एका खिडकीचा कागद फाटला होता, तिथल्या टेबलावर ट्रे ठेवला आणि सकाळी आल्या आल्या पाणी द्यायला लागले. चार दिवसांत रोपं उंच झाली. मला आनंद झाला. मग नीट पाहिलं तर उंची होती, पण काड्या दोऱ्यासारख्या बारीक आणि सगळ्या फाटक्या कागदाच्या बाजूला वाकलेल्या. पानं फिकी, पिवळसर. ट्रे फिरवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीकडे वाकलेल्या.

सरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "उजेड कमी पडतोय. उजेड शोधत लांब होताहेत. ट्यूबलाइट जवळ आणता येईल का?"

मी स्टुलावर चढले, जुनी ट्यूबची पट्टी दोरीनं बांधून टेबलावर वीतभर उंचीवर लोंबत सोडली. खाली ट्रे सरकवला. हे करताना मनात आलं, की त्या माणसाच्या पेटीतही हेच होतं. ट्यूब, पेटी, पंखा. त्याला हे सगळं आधीच माहीत होतं. म्हणजे तो हुशार होता की बदमाश? मी स्टुलावरून उतरले तरी तो विचार जात नव्हता.

त्याच दुपारी त्याची बायको आली. दारातच उभी राहिली, डोक्यावरचा दुपट्टा घामानं चिकटलेला. चाळिशीची असेल. आत या म्हटलं तरी येईना.

"ताई, ते रोपं इथी हायेत ना?"

"आहेत. पण हात नाही लावू देता येणार."

"हात नाई लावत जी. फक्त पाह्यतो."

तिनं दुरून पाहिलं. मग म्हणाली, "ते म्हंतात, पानी कमी टाकजा म्हना. वरची माती वाळू द्याची, मंग पानी टाकाचं. आन् बोरचं पानी नोको म्हनलं."

"त्यांनी सांगितलं?"

"ठाण्यातून घरी आले का हेच इचारते. रोपं कशे हायेत, कोन पाह्यते, पंखा लावला का नाई."

मी विचारलं, "बाई, खरं सांगा. काय लावलं होतं त्यांनी?"

ती म्हणाली, "मले अंबाडी सांगतली. उन्हाळ्यात घरात भाजी पिकवून दाखवतो म्हने. मोबाइलवर पाह्यलं होतं त्यानं. पुडी तेलंगणातल्या बाजारातून आनली होती, ते मी डोळ्यानं पाह्यली. बी पाह्यलं नाई."

ती गेली आणि मी पाणी कमी करायचं ठरवलं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रोपं आडवी पडलेली. पानं हिरवी, ताजी, फक्त बुडाशी मातीला लागून काडी चिमटल्यासारखी बारीक आणि तपकिरी. हात लावला तर तुटलीच. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी तीन. सर फोनवर म्हणाले, ही मर आहे, ओल्या मातीत बुरशी बुडाशी धरते. पाणी बंद करा, वारा खेळू द्या.

मी घरून टेबलफॅन आणला. आता माझ्याकडेही ट्यूब आणि पंखा दोन्ही झालं. हवालदार चौकशीला आले तेव्हा त्यांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

अकरातली सहा उरली. मेलेली फेकायला मन होईना, पुरावा होता तो. आमच्याकडे मुलं झाडांचे नमुने कागदात दाबून वाळवतात, तशी मी ती पाचही रोपं जुन्या वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली ठेवली. वर तारीख लिहिली.

उरलेल्या सहांचा रंग सुधारेना. दोन्ही पानं पिवळी, कडा आतल्या बाजूला वळलेल्या. धान पिवळं पडलं की युरिया देतात. कॉलेजच्या बागेसाठी युरिया होताच. चिमूटभर, खरंच चिमूटभर, पाण्यात विरघळवून दिला. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या, जशी चपाती तव्यावर कडेनं काळी होते. तीन रोपं त्यात गेली, तीही कागदात दाबून ठेवली. सरांना सांगायची मला लाज वाटली, तरी सांगितलं.

"अहो बाई, एवढ्या बाळांना खत नसतं द्यायचं!"

"पण सर, पिवळी होती."

"पिवळी तर पाणी जास्त झालं तरी होतात, कमी झालं तरी होतात. उपाशी असली तरी आणि जास्त खाल्लं तरी."

"मग ओळखायचं कसं?"

सर म्हणाले, "ते सांगणं कठीण आहे."

मोबाइलवर शोधून पाहावं, असं मनात यायचं. पण शोधायचं काय लिहून? 'अंबाडीचं रोप पिवळं' लिहिलं तर शेतातल्या अंबाडीचे, भाजीच्या पाककृतींचे व्हिडिओ यायचे. दुसरं नाव लिहायला बोट धजेना. माझ्याच फोनवर ते नाव, आणि उद्या कोणी फोन तपासला तर? एकदा अर्धं लिहिलं आणि खोडलं. शेवटी भावाला फोटो पाठवला, आईला दाखव म्हणून. आई आधी म्हणाली, अंबाडीच होय. मग पुन्हा फोन करून म्हणाली, "नाई वो, अंबाडीचं खोड लाल रायते. याचं हिरवं दिसून राह्यलं." मग तिसऱ्यांदा फोन, की हिरव्या खोडाचीही असते, शेजारणीकडे होती.

त्याची बायको एक दिवसाआड यायची. आता आत येऊन स्टुलावर बसायची. आम्ही दोघी त्या तीन रोपांकडे पाहत बसायचो. एकदा मी म्हटलं, "काळजी नका करू, तीन तरी जगवते मी."

ती म्हणाली, "ताई, मले एक सांगा. हे जगले तं बरं का मेले तं बरं?"

मी ट्रे ट्यूबखाली थोडा सरकवला.

"अंबाडी असन तं जगाले पाह्यजे, म्हंजे त्याचं खरं होईन. दुसरं असन तं मेलेलेच बरे. मी देवाजवळ बसतो सकाळी, तं मले समजतच नाई का मांगाचं."

मलाही कळत नव्हतं मी कोणासाठी हे करत होते. ठाण्यासाठी, सरांसाठी, तिच्यासाठी? सकाळी कुलूप उघडून आधी ट्रेकडे पाहायचे आणि तीनही उभी दिसली की सुटल्यासारखं वाटायचं, एवढं खरं. रोप उभं आहे याचा आनंद व्हायचा, मग ते कशाचंही असो. तो आनंद झाल्याबद्दल नंतर दिवसभर अपराधी वाटायचं.

तीन रोपांच्या काड्या अजून लांबच होत्या, पंख्यानं हलायच्या. सर म्हणाले, बुडाशी थोडी नवी माती लावा, आधार मिळेल. भुसभुशीत घ्या, बोरच्या पाण्यानं पांढरी झालेली नको. कॉलेजच्या बागेतली माती उन्हानं दगड झाली होती. मागच्या भिंतीपलीकडे नाल्याजवळ करंजीचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली पालापाचोळा कुजून छान काळी माती झालेली असते. मी खुरपं आणि घमेलं घेऊन तिथे गेले, वरवरची माती भरली, हातानं पाला वेचून काढला आणि तीनही रोपांच्या बुडाशी लावली. पाणी मटक्यातलं दिलं, पेल्यानं मोजून, दोन दिवसांतून एकदा, बोटानं माती कोरडी लागली तरच.

रोपं सावरली. एकाला तर दोन पानांच्या मधून बारीक हिरवा कोंब दिसू लागला. आणि पाच-सहा दिवसांनी ट्रेच्या कोपऱ्यात एक नवीन रोप उगवलेलं दिसलं. टरफल अजून डोक्यावर होतं.

मला वाटलं, मागे राहिलेलं बी होय ते, उशिरा उगवलं. धानातही असं होतं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. मी मारलेल्या आठांपैकी एक कोणीतरी परत दिल्यासारखं. सरांना फोनवर सांगितलं नाही, की हे नवीन आहे. लपवायचं म्हणून नाही. ते महत्त्वाचं आहे हेच डोक्यात आलं नाही.

त्यानंतर जुन्यांतलं एक, कारण कळलं नाही, एका दिवसात मान टाकून गेलं. माती कोरडी नव्हती, ओली नव्हती. बूड घट्ट होतं. पान पिवळंही नव्हतं. त्यालाही कागदात ठेवलं. दुसरं एक आठवडाभर धडपडलं आणि तेही कागदात गेलं. शेवटी ट्रेमध्ये दोनच राहिली, एक जुनं आणि एक नवीन. नवीन जोमात होतं. ते पहिल्यापासून ट्यूबखाली, पंख्यात, मोजून मिळालेल्या पाण्यावर वाढलं, माझ्या चुका त्याच्या वाट्याला आल्याच नाहीत. पंधरा दिवसांत त्यानं जुन्याला उंचीत गाठलं.

सरांचा मुलीकडचा मुक्काम लांबला, जून अर्धा संपल्यावर ते आले. बॅग ठेवून सरळ ट्रेपाशी गेले, भिंग घेतलं आणि वाकले. मी मागे उभी.

"हे अंबाडी," ते जुन्या रोपाला म्हणाले. "पानं एकाआड एक आहेत, बघा. पहिलं पान अखंड आहे आणि हे नवं, फाटायला लागलंय. अंबाडीच."

"म्हणजे तो खरं बोलत होता," मी म्हटलं.

"आणि हे," सर दुसऱ्याकडे वळले आणि त्यांनी पुन्हा भिंग लावलं. "पानं समोरासमोर. कडेला करवतीसारखे दाते. पुढची जोडी तीन-तीन पात्यांची. बाई, हा गांजा आहे."

"एकाच ट्रेमध्ये?"

"एकाच ट्रेमध्ये."

सरांनी मेलेल्या रोपांचे कागदही उघडले. बहुतेकांना बीजपत्रांपलीकडे काही नव्हतं, तीही करपून कुरकुरीत झालेली. सहा अंबाडीची वाटतात, म्हणाले. दोन रोपांविषयी काही सांगता येत नाही. आणि एक तर मी इतकं ओलं दाबलं होतं, की बुरशीनं कागदालाच चिकटून गेलं होतं.

हवालदार त्या माणसाला घेऊन आले, पंचनाम्यासाठी. बायको मागे चालत आली. मी त्याला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बुटका, शांत, तांब्याच्या तारेनं बोटांवर जुन्या चिरा. सरांनी दोन्ही रोपं दाखवून सांगितलं. तो ट्रेवर वाकला. आधी अंबाडीच्या रोपाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दुसऱ्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"एकाच पुडीतले होते सर," तो म्हणाला. "हे कुठून आलं मले नाई मालूम."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. घाबरला होता, पण घाबरणार नाही तर काय. बायकोही त्याच्याचकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते माझ्याही तोंडावर असणार. विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवता न येणारं.

पंचनामा आटोपून ते सगळे गेल्यावर सर अहवाल लिहायला बसले. अकरा रोपं मिळाली, नऊ दगावली, दोन जिवंत, एक अंबाडी, एक गांजा. लिहिता लिहिता ते थांबले आणि त्यांनी मोजलं. कागदांत नऊ होती. ट्रेमधली दोन. अकरा.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बरोबर नव्हतं. माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. पाच मरीत गेली, तीन युरियात, म्हणजे आठ. मग एक मान टाकून गेलं, मग आणखी एक. दहा. जुनं एक जिवंत. अकरा. आणि नवीन एक. बारा झाली पाहिजेत. मी एका कागदात दोन रोपं घातली होती आणि त्यातलं एक दुसऱ्याला चिकटून गेलं होतं. मी तो कागद पुन्हा उघडून दाखवला.

"सर, ते गांजाचं रोप अकरातलं नाही. ते नंतर उगवलं."

"कशात उगवलं?"

"ट्रेमध्येच. मी नवीन माती लावल्यावर."

"माती कुठली?"

मी सांगितलं आणि सांगता सांगता मला तिथलं सगळं आठवलं. करंजीच्या झाडाखाली संध्याकाळी माणसं बसतात. चिलमीचे तुकडे, काड्या तिथे पडलेले असतात, ते मी दर वेळी पाहते. माती भरतानाही पाहिले होते. मी ते पाल्यासोबत वेचून बाजूला टाकले होते.

सर आणि मी लगेच तिथे गेलो. सरांनी गुडघ्यावर बसून माती चाळली. जळक्या काड्यांमध्ये चार-पाच बारीक, राखाडी, गोल बिया सापडल्या. ओढणारे लोक बिया काढून फेकतात, म्हणाले. त्यांनी त्या तळहातावर घेऊन भिंगातून पाहिल्या आणि मान हलवली.

"मग ते माझ्या मातीतलंच आहे," मी म्हटलं.

"असू शकतं. त्याच्या पुडीतलंही उशिरा उगवलेलं असू शकतं. तुम्ही माती हलवली, खालचं बी वर आलं असेल. आता कोणालाच सांगता यायचं नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, विचार करा. हे अहवालात घातलं तर पहिले प्रश्न तुम्हाला येतील. पुरावा तुमच्या ताब्यात होता."

मी घरी गेले, भाजी चिरली, भात लावला आणि दोन्ही करपवलं. वाटत होतं, सांगितलं नाही तर एका निर्दोष माणसाला माझ्या घमेल्यातल्या मातीमुळे तुरुंग. पण सांगितलं आणि तो खरंच गांजा लावणारा असेल, तर मीच त्याला सोडवलं. आणि ती दोन रोपं, ज्यांच्याविषयी सरांना काही सांगता आलं नाही, ती काय होती?

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. सरांना सांगून गेले. ते नाही म्हणाले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले. ठाणेदारांनी मला बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. ट्यूब, पाणी, मर, युरिया, माती, नवीन रोप. वाइंडिंगवाला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावरच बसला होता. त्याला ऐकू जात असेल का, हेच मनात येत होतं.

ठाणेदार म्हणाले, "म्हणजे लोकांनी फेकलेलं बी आणून तुम्ही सरकारी मुद्देमालात पेरलं, असं लिहू?"

"पेरलं नाही साहेब. आलं असेल."

"आलं असेल की आलं?"

"मला माहीत नाही."

"मग माहीत काय आहे तुम्हाला?"

"एक रोप अंबाडीचं आहे, एवढं माहीत आहे. आणि ते पहिल्या दिवसापासूनचं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हवालदारांना आत बोलावलं, दोघं काही बोलले. मग माझा जबाब लिहून घेतला, तीन पानं. शेवटी वाचून दाखवला. त्यात मी बोलले ते सगळं होतं, पण ऐकताना दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं. मी सही केली.

गुन्हा दाखल झाला नाही. सरांच्या अहवालात 'निश्चित सांगता येत नाही' हे वाक्य तीनदा आलं. गांजाचं रोप ठाण्यात नेलं, पंचांसमोर जाळलं, असं हवालदारांनी नंतर सांगितलं. पेटी आणि ट्यूबा त्या माणसाला परत मिळाल्या. मला कॉलेजकडून एक पत्र आलं, यापुढे सरकारी नमुन्यांबाबत दक्षता घ्यावी म्हणून. ते मी कपाटात ठेवलं आहे. अंबाडीचं रोप मी त्याच्या बायकोकडे द्यायला गेले होते, तिनं हात जोडून नको म्हटलं. शेवटी कॉलेजच्या बागेत लावलं. जुलैत बकऱ्यांनी खाल्लं.

ती मला दिवाळीच्या आधी आठवडी बाजारात भेटली. वांगी निवडत होती. मला पाहून बाजूला सरकली, जागा दिली. आम्ही दोघींनी थोडा वेळ वांगीच निवडली.

मग तिनं खाली पाहतच विचारलं, "ताई, ते खरंच तुमच्या मातीतलं होतं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं त्यांना?"

"नाई." तिनं एक वांगं उचललं, किडकं निघालं, परत ठेवलं. "तो आता वाइंडिंगचंच करते. पेटी मोडून पत्रा इकला त्यानं. मी आपल्या मनानं समजून घेतलं का अंबाडीच होती. कधी कधी समजत नाई."

"मलाही कधी कधी समजत नाही."

"तुम्हाले काऊन?" ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली. "तुमचं तं त्यात काई नाई."

मला तिला सांगायचं होतं, की त्या महिनाभरात मी एवढ्या सकाळी उठून गेले, एवढं मोजून पाणी दिलं, की माझाही जीव त्यात गुंतला होताच. पण बाजारवाली तराजू धरून उभी होती, मागे माणसं थांबली होती. तिनं वांगी पिशवीत घेतली, "येतो ताई" म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.